चोवीस अक्षरं

वेशीच्या नव्या कमानीवर लिहायचं होतं:
शौर्यपदक विजेते हवालदार पुंजाजी खंडारे प्रवेशद्वार.
चोवीस अक्षरं. चाळीस रुपये अक्षर,
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
सचिवानं कागदावर दोनदा मोजली,
'शौर्य'वरचा रफार वेगळा धरू नका म्हणाला.
नाही धरला.

पूर्णेकाठचं खारपाणपट्ट्यातलं गाव. भिंतींना मीठ फुटतं,
भारी कंपनीच्या रंगाचेही दोन उन्हाळ्यांत पोपडे निघतात.
हे मी आधीच सांगून ठेवलं.
सरपंच म्हणाला, दोन वर्सं लय झाले, बाप्पा.

शिडीवर चढलेल्या माणसालाही कान असतात
हे खालच्यांच्या ध्यानात राहत नाही.
'शौ' होईपर्यंत कळलं, पुंजाजीनं काहीच केलं नाही,
साहेबाची मच्छरदाणी लावायचा, म्हणून मिळालं.
हे सांगणारा भरतीतून परत आलेला,
छाती दोन बोटं कमी भरली होती.
'पदक' झालं तेव्हा पुंजाजीनं एकट्यानं सतरा मारले होते.
'विजेते'पर्यंत एकवीस झाले.
कोणी म्हणे, खऱ्याले कुठी भेटते?
कोणी म्हणे, मंग सरकार का येडं हाये?
मी ब्रश पुसला. माझं काम अक्षराचं.
तरी 'हवालदार'चा ह काढताना हात अडला.
खोटं निघालं तर ते माझ्याच हातचं.

भाकर खायच्या वेळी उकंडा तायडेकडे गेलो.
दोघं एकाच पलटणीतले, एकाच रात्रीतले.
उकंडा खाट विणत होता, सुंभाचं टोक दातात.
तुम्ही होता तिथं?
होतो ना.
मग खरं काय?

त्यानं टोक दातातून काढलं.
"म्या त्याच्या पाठीवर होतो, पेंटर.
पाठीवरून मानसाले मानसाचं तोंड दिसत नाई.
मानेवरचा घाम दिसे, थोच पाह्यला रातभर.
घामावरून कसं सांगू, भेव होतं का हिंमत?
अन् माह्या सांगन्याले का किंमत?
म्या त जित्ता आलो.
तिसरा होता तिथं. थ्याले इचारा."

कुठे राहतो तो, मी विचारलं.
उकंडानं सुंभ ताणला, गुडघा लावून गाठ मारली
आणि पुढच्या पेडाला लागला.

उन्हं कलली तेव्हा पुंजाजी स्वतः आले शिडीखाली.
पायात रबरी चप्पल, हातात शेळीची दोरी.
वर काय लिहिलंय ते पाहिलंही नाही.
"अक्षराचे किती?"
चाळीस.
"मंग दोन अक्षरं माह्याकडून.
आतल्या अंगाले लिव्ह,
गावातून बाहीर जातानी दिसन असं."
बंडीच्या खिशातून विसाच्या चार नोटा काढल्या,
घामानं एकमेकींना चिकटलेल्या.

मणी.

आडनाव?
"नाई माहीत. मदुराईकडचा होता.
थ्याची बोली आमाले समजे नाई, आमची थ्याले.
त्या राती काय म्हने, थे समजलं मातर."
शेळीनं दोरी ओढली. जाता जाता म्हणाले,
"पाठ एकच होती ना, गड्या."

मी लिहिलं. खांबाच्या आतल्या बाजूला,
हातभर उंचीवर, काळ्यात.

तीन वर्षं झाली त्याला.
समोरचं 'शौर्य' पार सोललं,
'हवालदार'चा नुसता 'दार' उरलाय,
पंचायत म्हणते, पुढच्या निधीतून पाहू.
आतलं मणी सावलीत आहे, जसंच्या तसं.

लोकांना वाटतं, ती पेंटरची सही.
आजूबाजूच्या चार गावांनी मला
मणी पेंटर म्हणून बोलावलं.
एका शाळेनं तर सुबक अक्षराबद्दल
शाल-श्रीफळ दिलं, माइकवरून त्याच नावानं.
टाळ्या झाल्या. मी उठलो, शाल घेतली.

नारळ पोरांनी फोडून खाल्ला.
शाल अजून खुंटीला आहे.
थंडीत हात जातो तिच्याकडे,
मग गोधडीच ओढून घेतो.
ते नाव माझं नाही,
हे मीही अजून कोणाला सांगितलेलं नाही.